तांबे मास्तरांचे पॅसेंजर

माझ्या टेंपोत पहिल्यांदा बसणारा माणूस आधी नाक धरतो, मग दार धरतो. सतरा वर्षं मिरकरवाड्यातनं मासळीचे क्रेट उचलतोय मी. गाडीला बांगड्याचा वास, मला गाडीचा वास, आणि बायकोला आम्हा दोघांचा कंटाळा. तांबे मास्तर पहिल्यांदा गाडीत चढले तेव्हा त्यांनी नाक धरलं नाय. एकदाच हुंगलानी आणि बोलले, "बांगडा. कालचा. त्याच्या आदी कोळंबी होती."

मग खिडकीतनं हात बाहेर काढलानी आणि दाराच्या पत्र्यावर दोन थापा मारलानी. टण टण.

मी काय केलं असेल? गाडी सोडली! कुठं जायचं विचारलं नाय, भाडं ठरवलं नाय, परत कधी यायचं तेही विचारलं नाय. डबल बेल ऐकली की गाडी सुटते, एवढंच माझं शिक्षण. पाऊण मैल गेल्यावर मला आठवलं की आपण विचारायला पाहिजे. म्हटलं, "मास्तर, जायचं कुठं?"

"आता विचारतोस? मगाशीच डावीकडं वळायचा होता."

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. शाळेतल्या मास्तरांकडनं मी तिसरीत उतरलो, तेही चालत्या गाडीतनं. हे एसटीतले मास्तर. आमच्याकडं कंडक्टरला मास्तर म्हणतात. तांबे मास्तर रत्नागिरी डेपोला होते, आणि नोकरीची निम्मी वर्षं जयगडच्या गाडीवर. माणूस किडकिडीत. रिटायर होऊन दहा वर्षं झाली तरी शर्ट खाकीच. खिशात एक पेन्सिल, कानामागं दुसरी, पहिली हरवली तर. बौद्धवाडीत घर, आणि घरामागं स्वतःची एक संपलेली चिरेखाण. रिटायर झाला की आमच्याकडं माणूस हापूसची कलमं लावतो, नायतर काजू. मास्तरांनी त्या खाणीच्या खड्ड्यात माती भरलानी आणि जंगलातली झाडं आणून लावायला लागले. सातवीण, किंजळ, कुंभा, उक्षी. ज्याला बाजारात कोण विचारत नाय ते सगळं. लोक बोलायचे, "मास्तर, ह्याला काय धरनार?" मास्तर बोलायचे, "पक्षी धरतील." त्या खड्ड्याला त्यांनी नाव दिलानी डेपो.

काम असं होतं. कुठं रस्ता रुंद होणार, कुठं नवीन चिरेखाण निघणार, कुठं प्लॉट पडणार, त्याची बातमी लागली की जेसीबीच्या आधी आपण पोचायचं. मोठं झाड काय आपल्याच्यानं हलत नाय. पण त्याच्या पायाशी त्याची पोरं असतात, वीतभर, हातभर. ती मुळासकट, मातीसकट उचलायची, डेपोत आणून लावायची. जगली की ज्याला पाहिजे त्याच्या बांधावर, शाळेच्या कुंपणाला द्यायची. दर रविवारी आठ-दहा माणसं यायची. इस्पितळातल्या एक सिस्टर, दोन शाळेतले मास्तर, जयगडला बंदरात क्रेन चालवणारा एक जण. सगळे फुकट. मी पण फुकट. मी तिथं डोकं वापरत नव्हतो, त्यामुळं तसं काय माझं नुकसान नव्हतं.

आता मास्तरांचे कायदे ऐका.

प्रत्येक रोपाला तिकीट. जुन्या लग्नपत्रिका गोळा करायचे आणि कात्रीनं त्याच्या पट्ट्या कापायचे. त्यावर पेन्सिलनं लिहायचे. पेनाचं पाण्यात जातं, पेन्सिलचं राहतं. नंबर, झाडाचं नाव, कुठनं चढला, कुठं उतरणार. गुडघ्याच्या खालचं रोप असेल तर वर "हाफ" असं लिहायचे. पट्टी सुतळीनं रोपाला बांधायची. मागच्या बाजूला कुणाकुणाच्या लग्नाची सोनेरी अक्षरं. माझ्या स्वतःच्या लग्नाची पत्रिका मला एका काजऱ्याच्या रोपावर सापडली. काजरा म्हणजे विषारी झाड. मी घरी जाऊन हसत हसत सांगितलं. बायको हसली नाय. बोलली, "मास्तरांना झाडांमदला कळतो."

दुसरा कायदा. आधी खड्डा, मग रोप. डेपोत खड्डा खणून, पाणी मारून तयार असल्याशिवाय जंगलातनं एक रोप उपटायचं नाय. "बसलेल्या मानसाला उटवायचा असंल ना ड्रायव्हर, तर आदी दुसरी सीट बघून ठेवायची. नायतर तो उभा ऱ्हातो, आनि आपल्याला शिव्या घालतो." मला ते कायम ड्रायव्हरच म्हणायचे. माझं नाव त्यांना माहीत होतं की नाय, मला शेवटपर्यंत कळलं नाय.

तिसरा कायदा खिडकीचा. रोप उचलायच्या आधी त्याच्या उगवतीकडच्या बाजूला लाल दोरा बांधायचा, आणि लावताना दोरा परत उगवतीकडंच यायला पाहिजे. मी पहिल्याच रविवारी एक उक्षी उलटी लावली. मास्तर कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"ड्रायव्हर, ह्याला उलट्या सीटवर बसवलास?"

"झाडाला काय कळतंय मास्तर?"

"घाटात ओकंल तेवा कळंल."

परत खणायला लावलानी, परत लावायला लावलानी. सिस्टर बाजूला हसून हसून खाली बसल्या.

आणि सगळ्यात मोठा कायदा पंचाचा. मास्तरांच्या खिशात तिकिटाला भोक पाडायचा जुना पंच असायचा. डेपोचा पंच त्यांनी रिटायर होताना परत केलानी. हा भंगारवाल्याकडनं आणलेला. रोप लावलं म्हणून ते पंच करायचे नायत. "लावला म्हणजे पोचला असा नाय," बोलायचे. नवीन जागेत रोपानं स्वतःच्या हिमतीवर पहिलं नवीन पान काढलं, की त्या दिवशी मास्तर वाकून तिकिटाला भोक पाडायचे. कट्ट. "उतरला." तोवर तो प्रवासात. आणि प्रवासातल्या पॅसेंजरची जबाबदारी कंडक्टरची.

ह्या माणसाचा आवाज मोठा नव्हता. पण एकदा बघितलं मी. एका प्लॉटवर आम्ही सकाळी पोचलो, तर जेसीबी आमच्या आधी सुरू. दात खाली घालून झुडपं ओरबाडतोय. मला वाटलं, संपलं, चला चहाला. मास्तर सरळ त्याच्या तोंडासमोर गेले, हात आडवा केलानी आणि जेवणाच्या डब्यावर पंच एकदाच आपटलानी. टण. सिंगल बेल.

जेसीबी थांबला! आतला ड्रायव्हर खाली बघतोय, स्वतःच गोंधळलाय की आपण थांबलो का. मग डोळे मोठे करून बोलला, "मास्तर? तुमी जयगडच्या गाडीवर होतात ना? शाळंत जाताना मी तुमच्याच गाडीत असायचो."

"पायरीवर लोंबकळायचास," मास्तर बोलले. "माज्या पॅसेंजरना उतरू दे. दोन मिन्टं."

दोन मिनिटांच्या जागी त्यानं पावणेदोन तास दिलान. स्वतः खाली उतरून कुदळ मारलान. आणि मी? मी त्या पावणेदोन तासात घाईघाईत एक निवडुंग उचलला, हातात अकरा काटे घेऊन. तो जंगलातला नव्हताच, कुणीतरी कुंडीतनं फेकून दिलेला होता. मास्तरांनी त्यालाही तिकीट दिलानी. "आता चढलाय तर चढलाय."

तर आता सुरंगीचं.

जयगडच्या वाटेवर एका वळणावर सुरंगीचं एक झाड होतं. मोठं, काळपट हिरवं, आणि शिमग्याच्या दिवसात फांदीला फुलं अशी चिकटायची की लाकूड दिसायचं नाय. वास असा की माझ्या टेंपोचा वास त्याच्यापुढं हरायचा. मास्तर बोलायचे, "ह्या वळणावर गाडी आली की पॅसेंजर भांडायचे थांबायचे. मी तिकिटा फाडायचा बंद करायचो. ड्रायव्हर गेर बदलायला विसरायचा." तेवढ्या एका वळणावर ते नोकरीभर खूश झाले होते, असं मला वाटतं.

रस्ता रुंद होणार होता. झाडावर लाल रंगाचा पट्टा आला. ठेकेदाराचा माणूस बरा होता. बोलला, शिमगा झाल्यावर येतो, तोवर काय न्यायचं ते न्या. झाडाखाली मोजून बावीस रोपं. वेळ वाईट, ऊन वाढत चाललेलं. पावसात नेली असती तर प्रश्न नव्हता, पण रस्ता पावसाला थांबत नाय. आणि मास्तरांना घाई आणखी एका गोष्टीची होती. गुडघे गेले होते. लेक बदलापूरला असते. ती बोलत होती, बाबा, मे महिन्यात इकडं या, ऑपरेशन करू, आणि आता इथंच राहायचं. मास्तर मला बोलले, "जाईन. पन सुरंगीचा एक तरी पॅसेंजर उतरलेला बघून जाईन. नायतर मग गाडीत बसल्यावर मला काय झोप लागनार नाय."

बावीस रोपं आम्ही शनिवारी दुपारी उचलली. केळीच्या सोपात बांधली, तिकिटं लावली, टेंपोत चढवली. डेपोत बावीस खड्डे तयार. मास्तर बोलले, "सरळ डेपोत." मी बोललो, "तुमी पुढं व्हा मास्तर, हा आलोच."

तेवढ्यात फोन. बोट आलीय, सुरमईचा माल हाय, आत्ताच्या आत्ता ये. मी विचार केला, तासाभराचं तर काम. विचार मी केला, तिथंच चूक झाली. रोपं जेटीवर जाळ्याच्या शेडमध्ये उतरवली. पण मी काय बेजबाबदार माणूस नाय! मुळं सुकू नयेत म्हणून मी रोपं मासळीच्या क्रेटमध्ये ओळीनं उभी केली आणि वर पाणी भरलं, चांगलं वीतभर. मिरकरवाड्यात आम्ही गाडी धुतो त्याच पाण्यानं, क्रेट धुतो त्याच पाण्यानं. समुद्राच्या. माझ्या डोक्यात एवढंच, की झाडाला पाणी लागतं, आणि पाणी समोर भरपूर हाय.

माल कोल्हापूरला पोचवून मी रविवारी सकाळी परत आलो. रोपं टवटवीत दिसत होती. मला स्वतःचा अभिमान वाटला. डेपोत नेऊन खड्ड्यांत लावली, आणि मास्तरांना थाप मारली की टायर बसला होता.

आठ दिवसांत पानांच्या कडा तांबड्या झाल्या. मग काळ्या. बाराव्या दिवशी बावीसच्या बावीस वाळून खडखडीत. सिस्टर बोलल्या, रोग असेल. कुणी बोललं, ऊन लागलं. मास्तर एका खड्ड्यापाशी उकिडवे बसले, चिमूटभर माती उचललानी आणि जिभेवर ठेवलानी. माझा जीव तिथंच मासळीसारखा तडफडला. मास्तरांनी थुंकलानी, माझ्याकडं बघितलानी, आणि सगळ्यांना बोलले, "ऊन लागला."

बस्स. एवढंच. एकेका रोपाची सुतळी सोडून बावीस तिकिटं गोळा केलानी, त्यांना रबर लावलानी आणि वरच्या खिशात ठेवलानी. मला शिव्या घातल्या असत्या तर मी दोन दिवसांत विसरलो असतो. शिव्यांची मला सवय हाय.

झाडाखाली आता एक पण रोप नव्हतं. पण त्या वळणाच्या वर, देवीची राई हाय. तिथं त्याच सुरंगीचं बी पडून पोरं उगवलेली. मात्र राईतनं वाळकी काडीसुद्धा कोण उचलत नाय. देवीचा कौल पाहिजे. मास्तर कौलबिउल मानणारे नव्हेत. तरी ते बोलले, "मी मानत नाय, पन गाव मानतो. कंट्रोलरनं सोडल्याशिवाय गाडी काडायची नसते."

सकाळी सातला आम्ही राईत. गुरवकाका म्हातारे, अंगात एक बंडी. देवळाच्या अलीकडं एक आडवा दगड. मास्तरांनी चपला काढलानी आणि त्या दगडाच्या बाहेर उभे राहिले.

"मास्तर, आत या की," गुरवकाका बोलले.

"आमचे आजोबा ह्या दगडाच्या आत कदी आले नाय. मी पन हितंच बरा. वारा लागतो."

मी नारळाकडं बघत होतो, कारण नारळ फुटला की खोबरं मिळतं एवढंच मला कळतं. पण म्हातारा आत गेलाच नाय. पाण्याचा तांब्या, कळ्या आणि नारळ घेऊन बाहेर आला, मास्तरांच्या शेजारी दगडाच्या बाहेर उभा राहिला, आणि तिथनं ओरडून गाऱ्हाणं घालायला लागला. "देवीला हितनं पन ऐकू येता," बोलला. मास्तर त्याच्याकडं बघतच राहिले.

"हे माये, राईच्या मालकिणी! हे तांबे मास्तर तुजी पोरा दुसऱ्या गावाला न्यायचा म्हनतायत, जगवायला. खालचा रस्ता मोठा होनार, त्येंची आय जानार. तुजी मर्जी असंल तर उजवा दे!"

"होय म्हाराजा!" आम्ही सगळे.

मग आत जाऊन दगडाला ओल्या कळ्या चिकटवलान, डावीकडं आणि उजवीकडं. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाय. आम्ही बाहेरनं माना लांब करून बघतोय. सिस्टरनी माझं मनगट धरलेलं, नाडी बघतायत की मला पळू देत नायत, कळत नव्हतं.

डावी पडली.

मास्तर हळूच बोलले, "गेली गाडी." आणि चपला शोधायला वाकले. वाकताना त्यांच्या खिशातनं ती बावीस तिकिटांची जुडी खाली पडली. ती बघितली आणि मला काय झालं ते मला माहीत नाय. मी दगडाच्या आत धावत गेलो, देवीसमोर आडवा पडलो आणि ओरडलो, "माये, पहिली बावीस मीच मारली! समुद्राच्या पाण्यात ठेवली! टायर बसला नव्हता! ह्या मास्तरांनी मला पाठीशी घातला! रागवायचा तर माज्यावर रागव!"

मग सिस्टर बोलल्या, "समुद्राच्या पाण्यात? अरे गाढवा!" आणि मग सगळ्यांनी आळीपाळीनं सुरू केलं. क्रेनवाला बोलला, "लोणचा घालीत होतास काय?" मला बरं वाटलं. बारा दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं.

गुरवकाकांनी दाढी खाजवलान. परत बाहेर आला, परत गाऱ्हाणं. "हे माये! ज्यानं मारलान त्यानंच न्यायची! चाकावरनं नाय, खांद्यावरनं! पायात चप्पल नाय! एक पन रोप दुसऱ्यानं उचलायचा नाय! असा असंल तर देशील काय?"

"होय म्हाराजा!" हे सगळे माझ्याकडं बघून ओरडले, मोठ्यानं, आनंदानं.

आत जाऊन परत कळ्या चिकटवलान. तांदळाएवढी उजवी कळी. म्हाताऱ्यानं हात काढायच्या आधी पडली. देवीला आमच्यापेक्षा जास्त घाई होती.

अठरा रोपं मिळाली. सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या माळावरच्या, पायवाटेनं डेपो दीड मैल. कावडीला दोन हारे, हाऱ्यात तीन-तीन, म्हणजे तीन खेपा. सकाळी नऊला पहिली खेप निघाली. कातळ तापायला लागला होता. गाडीच्या क्लचशिवाय ज्याचा पाय कशाला लागत नाय असा माणूस मी, अनवाणी. शंभर पावलांत मी देवीची माफी मागितली, दोनशे पावलांत आईला हाक मारली.

आणि बाजूनं मास्तर. गुडघे गेलेला माणूस, हातात काठी, दुसऱ्या हातात डबा. आम्ही सांगितलं, तुम्ही बसा, नाय ऐकलानी. "कंडक्टरशिवाय गाडी?" मी डगमगलो की डब्यावर सिंगल बेल. मी थांबायचो, श्वास घ्यायचो. मग टण टण. "चला! पुडं सरका! मदी थांबू नका! मागं जागा हाय!" सिस्टर माझ्या पायाखाली बाटलीतनं पाणी ओतत पुढं पळतायत. क्रेनवाला माझ्या डोक्यावर छत्री धरून. वाटेत दोन वाड्या लागतात, तिथली माणसं बाहेर आली. "काय हो, काय चाललाय?" मास्तर आपले गंभीर, "सुरंगी एक्सप्रेस. विनाथांबा." दुसऱ्या खेपेला त्या वाडीतल्या बायका नाचणीची आंबील घेऊन उभ्या. तिसऱ्या खेपेला मागं वीस-पंचवीस माणूस, कुणी ढोल आणलान शिमग्यातला, आणि मी मध्ये पालखी नाचवल्यासारखा, पाय भाजतायत म्हणून नाचतोय, लोकांना वाटतंय भक्ती.

शेवटचं रोप खड्ड्यात गेलं तेव्हा दुपारचा एक वाजला होता. मास्तरांनी अठराही लाल दोरे उगवतीकडं आहेत का बघितलानी. मग माझे तळपाय बघितलानी, आणि फोडांवर स्वतःच्या हातानं खोबरेल लावलानी. बोलले, "आता तू ड्रायव्हर झालास." मी बोललो, "गाडी नव्हती मास्तर." बोलले, "म्हनून तर."

मग वाट बघणं. वर नारळाची झापं घातली, रोज दोन वेळा विहिरीचं पाणी. मी आणायचो, आणि प्रत्येक हंड्यातलं आधी जिभेला लावून बघायचो. अजून बघतो. एप्रिल गेला. सुरंगीचं मोठं झाड पण गेलं. मास्तर त्या दिवशी त्या बाजूला गेले नायत. अठरा रोपं उभी होती, पण नवीन पान एकाला नाय. चौदा नंबरची तर होती ती पानं पण गळली, नुसती काडी. मास्तर नखानं साल खरवडून बघायचे. "आत हिरवा हाय. विचार करतोय." रोज सकाळी पंच खिशात घालून एक चक्कर, आणि पंच तसाच परत.

मे संपत आला. लेकीनं तिकीट काढलं. सकाळची पनवेलची गाडी. मास्तरांनी आदल्या संध्याकाळी मला सांगितलानी, "स्टँडवर येऊ नको. पान्याची टायम चुकंल." पंच त्यांनी दिला नाय. खिशातच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हंडा घेऊन डेपोत गेलो. फणसाच्या सावलीतल्या रोपाला पाणी घालायला वाकलो, आणि हंडा माझ्या पायावर पडला. शेंड्याला दोन पानं! कोवळी, चकचकीत, अजून नीट उघडलेली पण नाय, हात जोडल्यासारखी! मी ओरडलो. आजूबाजूला कोण नव्हतं, तरी ओरडलो. घड्याळ बघितलं. गाडी सुटलेली.

मी तिकीट ओढून काढलं, दातात धरलं आणि टेंपोत उडी मारली. मागं आदल्या दिवशीचे रिकामे क्रेट खडखडतायत, मी हॉर्नवरनं हात काढत नाय. गाडी मला दिसली हातखंब्याला, थांब्यावरनं निघत होती. मी टेंपो पुढं घातला, आडवा. एसटीच्या ड्रायव्हरनं मला जे म्हटलान ते मी इथं सांगत नाय, पण ते बरोबर होतं.

दार उघडलं. पायरीवर तांबे मास्तर, काठी घेऊन.

"काय झाला?"

"मास्तर! उतरला! सुरंगीचा उतरला! दोन पाना!"

मास्तरांचं तोंड मी आजवर असं बघितलं नव्हतं. सुरंगीच्या वळणावर ते तसे दिसत असतील. त्यांनी माझ्या दातातलं तिकीट घेतलानी, चष्मा वर केलानी, वाचलानी. आणि थांबले.

"कुटला म्हनालास?"

"फणसाच्या सावलीतला. कोपऱ्यातला."

"तो पंदरा." त्यांनी तिकीट माझ्यासमोर धरलानी. "हा चवदा."

मी घाईत शेजारच्याचं ओढलं होतं. त्या काडीचं. रत्नागिरी जिल्ह्यात माझ्यासारखा मीच.

आतनं त्या गाडीचा कंडक्टर बोलला, "मास्तर, लेट होतंय हो."

मास्तर त्या चौदा नंबरच्या तिकिटाकडं बघत होते. ह्या माणसानं आयुष्यात पान फुटल्याशिवाय कुणाचं तिकीट पंच केलं नव्हतं. मग खिशातनं पंच काढलानी आणि तिकिटाला भोक पाडलानी. कट्ट.

"पंदराचा तू कर," बोलले, आणि पंच माझ्या हातात ठेवलानी. "ह्याचा मी करून ठेवतो. रिझर्वेशन."

दार लागलं. मी टेंपो बाजूला घेतला. गाडी निघाली, खिडकीतनं खाकी बाहीचा हात बाहेर आला आणि पत्र्यावर दोनदा पडला. टण टण. ड्रायव्हरनं बहुतेक त्याच्यावरच गेर टाकलान.

डेपोत परत जाऊन मी पंधराचं तिकीट पंच केलं. चौदाचं त्याच्या काडीला परत बांधलंय, भोक पाडलेलं. रोज सकाळी पाणी घालताना साल खरवडून बघतो. आत हिरवं हाय. मी त्याला सांगतो, बाबा, तुला काय घाई नाय, पण मास्तरांनी पंच केलेलं तिकीट आजवर फुकट गेलेलं नाय.